इतिहासाचा ताळा

शाळेत गुणाकार झाला की ताळा पाहायचा, ही शिस्त आमच्या पिढीला छडीच्या धाकाने लागली. दोन्ही संख्यांच्या अंकांची बेरीज करायची, त्या बेरजा गुणायच्या आणि आलेला आकडा उत्तराच्या अंकांच्या बेरजेशी जुळतो का बघायचे. ताळा जमला नाही तर गणित चुकले हे नक्की. जमला तर मात्र ते बरोबरच आहे असे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नसे. उत्तरात ४५ च्या जागी ५४ लिहिले तरी ताळा गुमान जमतो. भूतकाळ संगणकाने अभ्यासावा की नाही या सध्याच्या वादात मला हा ताळा सारखा आठवतो, कारण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजू तो विसरल्या आहेत.

वाद तसा जुना, पण अलीकडे त्याला ऊत आला. जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपी उलगडणाऱ्याला १० लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले आणि ‘यंत्राने लिपी वाचली’ असे सांगणाऱ्यांना नवा हुरूप आला. त्याच्या आधीपासून तारांगणाच्या सॉफ्टवेअरवर महाभारत युद्धाची तारीख काढणारे आपल्याकडे आहेतच. ग्रंथ तोच, आकाश तेच, गणितही साधारण तेच. तरी एकाचे उत्तर इ.स.पूर्व ५५६१ येते आणि दुसऱ्याचे इ.स.पूर्व ३०६७. मधली अडीच हजार वर्षे कुणाच्या खाती टाकायची? एक बाजू म्हणते, ‘संगणकाने सिद्ध केले, आता बोलायचे काम नाही.’ दुसरी बाजू हे बघून नाक मुरडते: ‘माणसांचा इतिहास म्हणजे काय किराणा दुकानाची वही आहे? आकड्यांना काय कळतेय माती आणि माणूस?’ पहिल्या बाजूला यंत्र हा साक्षात्कार वाटतो, दुसरीला भानामती. यंत्र उत्तर देते हे मात्र दोघांनीही धरूनच चाललेले असते. मला तेच मान्य नाही. भूतकाळाच्या अभ्यासात गणनेचे काम ताळा पाहण्याचे आहे. आपण जे सांगतो आहोत ते कुठे फसते हे तिने दाखवावे. आणि त्यासाठी आपली सगळी रीत, धरलेली गृहीतके आणि सोडून दिलेल्या गोष्टींसकट, आधी कागदावर मांडलेली हवी. ही रीत दाखवायची तयारी नसेल तर कितीही मोठा संगणक वापरा, ती पोथीच.

हे काम परदेशातून आलेले नवे फॅड आहे असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी मुरुडच्या एका माणसाची गोष्ट. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, पेशाने शिक्षक. त्या काळी गुप्त राजांचा काळ हा मोठा तिढा होता. शिलालेखांत ‘गुप्त वर्ष अमुक’ असे स्पष्ट कोरलेले, पण ते वर्ष मोजायचे कुठून? कुणी ते शककालाशी एकच मानून इ.स. ७८ पासून मोजी, पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इ.स. १६६-६७ म्हणे. आरंभ बदलला की सगळे घराणे एका शतकातून दुसऱ्या शतकात उडी मारणार. मध्य प्रदेशातल्या एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा स्तंभलेख आहे. त्यात वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार ‘सुरगुरूचा’, म्हणजे गुरुवार, अशी नोंद आहे. तिथीला वार जोडलेला असल्यामुळे ताळा पाहायची सोय झाली. जॉन फेथफुल फ्लीट यांनी १८८८ मध्ये गुप्त लेखांचा जो मोठा संग्रह प्रसिद्ध केला, त्यासाठी तिथीवारांचे गणित दीक्षितांनी करून दिले होते. आरंभ इ.स. ३१९-२० धरला तर ती द्वादशी २१ जून ४८४ ला पडते, आणि त्या दिवशी गुरुवार येतो.

आता यातला बारकावा बघा. वार जुळणे हा एकटा पुरावा लंगडाच. कोणतेही चुकीचे आरंभवर्ष घ्या, सातात एकदा वार योगायोगाने जुळणारच. ४५ आणि ५४ चाच प्रकार. म्हणून अकराव्या शतकातला विद्वान अल्बेरुनी याने नोंदवलेले अंतर, शकानंतर २४१ वर्षे, तपासावे लागले. दुसरे लेख, दुसऱ्या तिथी, दुसऱ्या कालगणना लावून पाहाव्या लागल्या. अनेक ताळे एकाच जागी जमले तेव्हा कुठे ३१९-२० पक्के झाले. पुढे १८९६ मध्ये रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर दीक्षितांनी भारतीय कालगणनेची कोष्टके छापली आणि कुणालाही, अगदी दीक्षितांशी मतभेद असलेल्यालाही, हे गणित घरबसल्या करून पाहता येऊ लागले. एखाद्या ताम्रपटातली तिथी आणि वार यांचा मेळ बसत नसेल तर तो नंतर कुणीतरी इनामाच्या लोभाने बनवला असावा, असा संशय घ्यायला आधार मिळाला. आज ज्याला आपण संगणकीय पद्धत म्हणतो तिचे मर्म या कोष्टकांत होते. वीज तेवढी नव्हती.

असे असले तरी विरोधकांचा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या हातात खणखणीत उदाहरण आहे. इजिप्तमधल्या लेखनदेवतेचे नाव घेतलेला ‘सेशात’ नावाचा एक आंतरराष्ट्रीय माहितीसाठा आहे. जगभरच्या जुन्या समाजांची माहिती त्यात रकान्यारकान्यांत भरलेली असते: लोकसंख्या किती, लेखन होते का, पूर्णवेळ नोकरशाही होती का, वगैरे. त्यावर आधारलेला एक लेख मार्च २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जगातले ३० प्रदेश, ४१४ समाज, १० हजार वर्षे, सामाजिक गुंतागुंत मोजणारी ५१ मापे. प्रश्न जबरदस्त होता. माणसाच्या पापपुण्याचा हिशेब ठेवणारे देव आधी आले आणि त्यांच्या धाकाने मोठे समाज उभे राहिले, की मोठे समाज आधी झाले आणि असे देव मागाहून आले? लेखाने ठासून सांगितले: समाज आधी, देव मागाहून. जगभर बातम्या झाल्या.

मग काही संशोधकांनी तीच आकडेवारी उघडून पाहिली. जिथे नीतिरक्षक देवाबद्दल काहीच माहिती नव्हती, तिथे विश्लेषणात ‘असा देव नव्हता’ असे धरले गेले होते. आणि अशा रिकाम्या जागा थोड्याथोडक्या नव्हत्या. या रकान्यातल्या निम्म्याहून अधिक नोंदी तशा होत्या. लेखन येण्यापूर्वीच्या समाजाचा देव काय म्हणे हे कळणार कसे? ते कळत नाही म्हणून ‘नव्हता’ धरले, आणि मग लेखन असलेल्या मोठ्या समाजांतच असे देव ‘उगवले’ याचे नवल केले. जुलै २०२१ मध्ये लेखकांनी तो लेख मागे घेतला. दुरुस्त्या करून त्यांनी मुख्य निष्कर्ष पुढच्या वर्षी दुसरीकडे पुन्हा मांडला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण रिकामा रकाना म्हणजे शून्य, ही चूक इतक्या मोठ्या व्यासपीठावर घडली हे खरेच. त्यात रकान्यांची भाषा कुठून आली, हा आणखी एक रास्त आक्षेप. ‘नीतिरक्षक देव: आहे / नाही’ या चौकटीत पंढरीचा विठोबा कुठे बसवाल? तो शिक्षा करत नाही, विटेवर उभा राहून वाट बघतो, दळू-कांडू लागतो. खूण कुठल्या घरात करायची?

हे सगळे मान्य. आता एकच विचारतो: ही चूक सापडली कशी? लेखकांनी आकडे आणि आज्ञावली खुली ठेवली होती म्हणून. कुणीही उठून रकाना क्रमांक अमुक बघू शकत होते. हीच चूक शब्दांतल्या इतिहासात होत नाही असे वाटते का? पेशवे दप्तरात शेतमजूर बाई बोलताना फारशी आढळत नाही, म्हणून तिला काही म्हणायचेच नव्हते असे धरून किती पाने लिहिली गेली? बखरकाराने एखाद्या गावाचा उल्लेख केला नाही म्हणून ते गाव त्या लढाईत नव्हतेच, असे किती वेळा ठरवले गेले? तिथेही रिकाम्या जागेला शून्य म्हटलेले असते. फक्त ते ओघवत्या वाक्यात इतके मुरलेले असते की बोट ठेवायला जागा सापडत नाही. सेशातच्या लेखाची चूक दोन वर्षांत निस्तरली. गोड गद्यातल्या चुका दोन-दोन पिढ्या पाठ्यपुस्तकांत सुखाने नांदतात.

उदाहरण आपल्या दाराशीच आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे तिथे उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातले एक अख्खे खेडे त्यामुळे आपल्यापुढे उभे राहिले. जोर्वे संस्कृतीच्या भरात, इ.स.पूर्व सुमारे १४०० ते १००० या काळात, तिथे ऐसपैस चौकोनी घरे, पुराचे पाणी वळवण्यासाठी खोदलेला चर, धान्याचे कोठार, घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली लहान मुले. पुढच्या तीन शतकांत मात्र चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, आणि इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडते. दख्खनमधली जोर्वे काळातली बाकीची बहुतेक गावे तर त्याआधीच उठली होती. का? तिथल्या उत्खननातले पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचे उत्तर होते: इ.स.पूर्व १००० च्या सुमारास हवामान कोरडे झाले, पाऊस आटला, शेती बसली, लोक पुन्हा भटके झाले. ढवळीकरांचे काम मोठे आहे. हवामान, धान्य, हाडे, घरे यांचा एकत्र विचार करायला त्यांनी आपल्याला शिकवले, आणि त्यांचे हे विधान निदान तपासता येण्याजोगे होते. पण कितीतरी वर्षे ते तपासले न जाता केवळ उद्धृत होत राहिले.

मग २०१४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळातून काढलेल्या गाळाच्या लांब नळकांड्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाळाचा थर आणि त्याचे वय यांचा मेळ गणिताने बसवून गेल्या सुमारे ११ हजार वर्षांतल्या मॉन्सूनची चढउतार त्यातून वाचली गेली. दीर्घ कोरडे कालखंड दोन निघाले: आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. आपल्या कालगणनेत मांडा. पहिला कोरडा काळ इ.स.पूर्व १९५० च्या सुमारास संपतो, दुसरा इसवी सनाच्या तोंडावर सुरू होतो. इनामगावची सगळी कहाणी, भर आणि ओहोटी दोन्ही, या दोहोंच्या मधल्या काळात पडते! त्याआधीच, २०११ मध्ये, ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्या मुलांच्या सांगाड्यांचा नव्याने अभ्यास करून या कोरडेपणाच्या कारणावर प्रश्नचिन्ह लावले होते. म्हणजे ढवळीकर चुकले, असे मी लगेच म्हणणार नाही. एका सरोवराचा गाळ म्हणजे अख्खे पठार नव्हे, आणि शे-पन्नास वर्षांची अवर्षणे असल्या मोठ्या हिशेबात विरून जाऊ शकतात. पण ताळा जमलेला नाही, आणि गणित पुन्हा मांडायला हवे, हे आता कळले. आकडेमोडीशिवाय हे कळले असते का?

‘मातीतला पुरावा तेवढा खरा, गणित नको’ म्हणणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. कार्बन-१४ ची प्रत्येक तारीख मुळात गणितातूनच निघते. प्रयोगशाळा फक्त उरलेल्या कार्बन-१४ चे प्रमाण सांगते. झाडांच्या वर्तुळांवरून बनवलेल्या वक्राशी ते पडताळले की वर्षे मिळतात. हा वक्र इ.स.पूर्व सुमारे ८०० ते ४०० या टप्प्यात जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे तिथे एकाच मोजमापाला चारशे वर्षांतले कुठलेही वर्ष लागू पडू शकते. नेमक्या याच टप्प्यात इनामगाव ओस पडते आणि विदर्भातली लोहयुगीन महापाषाणी वर्तुळे येतात. या दोहोंचा आगामागा ठरवायचा तर अनेक तारखा आणि थरांचा क्रम एकत्र मांडून शक्यता तोलणारे गणित करावेच लागते. तेव्हा गणन नको म्हणणारा माणूसही ते वापरतोच. दुसऱ्याने केलेले, न तपासलेले.

आता दुसरा आक्षेप, आणि हा मला स्वतःला अधिक छळतो. अशा पद्धतींत मोजता येते त्यालाच कारण मानण्याचा मोह असतो. पावसाचा आलेख हाताशी आहे, लोकसंख्येचा आहे. एकावर एक ठेवले, दोन्ही खाली गेले की ‘दुष्काळाने संस्कृती बुडवली’ असा मथळा तयार. हडप्पा बुडवून झाली, माया बुडवून झाले, अक्कद बुडवून झाले. याला उत्तर म्हणून पुन्हा लोणारचाच गाळ काढतो. त्याचा दुसरा कोरडा कालखंड कोणता? इसवी सनाच्या आरंभापासून चौदाव्या शतकापर्यंतचा. म्हणजे वाकाटकांनी अजिंठा याच काळात कोरले, राष्ट्रकूटांनी वेरूळचे कैलास एका डोंगरातून याच काळात उतरवले, देवगिरीचे यादव याच काळात नांदले आणि १२९० मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली तीही याच ‘कोरड्या’ काळाच्या शेवटाला. दुष्काळाने संस्कृती बुडते हा नियम असेल तर महाराष्ट्र घडला तो कधी?

आणि हा खेळ आपल्याला जवळच्या इतिहासातूनही माहीत आहे. १८७६-७८ ला दख्खनमध्ये पाऊस गेला. धान्य बंदरांकडे जातच राहिले, आणि इंग्रज सरकारचे अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी इतकी खाली आणली की दगड फोडणाऱ्याच्या अंगात दगड उचलायची ताकद उरेना. दक्षिण आणि पश्चिम भारतात मिळून ५० लाखांहून अधिक माणसे गेली. १९७२ लाही पाऊस गेला. सुकडीची चव आमच्या आधीची पिढी अजून विसरलेली नाही. पण १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती, त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला, आणि भूकबळींची रांग लागली नाही. दोन हजार वर्षांनंतर कुणी आपल्या तलावांचा गाळ काढला तर या दोन दुष्काळांतला फरक त्याला गाळात दिसेल का?

म्हणूनच मॉडेल, म्हणजे भूतकाळाची संगणकात बांधलेली प्रतिकृती, टाकून द्यावे, असे विरोधक म्हणतील. मी उलट म्हणतो, आणि त्यासाठी अ‍ॅरिझोनातल्या लाँग हाउस व्हॅलीचे उदाहरण देतो. तिथे आजच्या होपी आणि इतर प्वेब्लो या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांचे पूर्वज मका पिकवत. इ.स. १३०० च्या सुमारास त्यांनी ती दरी साफ सोडली. रॉबर्ट ॲक्स्टेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॉडेलमध्ये इ.स. ८०० पासूनची ही दरी संगणकात उभी केली. झाडांच्या वर्तुळांवरून दर वर्षीचा ओलावा, त्यावरून जमिनीच्या तुकड्यातुकड्याचे पीक. त्यावर एक-एक कुटुंब. पाच माणसे, वर्षाला ८०० किलो मका लागणार. पिकले तर राहा, नाही तर शेजारचे रान बघा, तेही नसेल तर दरी सोडा. बस, एवढेच नियम. ना देव, ना भांडण, ना सोयरीक. एवढ्या दरिद्री सामग्रीवर मॉडेलमधली लोकसंख्या शतकानुशतके खऱ्या घरांच्या अवशेषांबरोबर चढली-उतरली. फसले ते शेवटी. संगणकातल्या दरीत १३०० नंतरही काही कुटुंबे तग धरून राहिली. मका कमी होता, पण थोड्यांपुरता होता. खरी माणसे मात्र एकही राहिली नाहीत.

मॉडेल नापास झाले ना? हो, आणि त्या नापास होण्यातच सगळा माल आहे. फक्त दुष्काळाने ती दरी रिकामी होत नाही, हे मॉडेलने दाखवले. उरलेल्यांना जायला लावणारे काहीतरी दुसरे होते: नातीगोती, विधी, भीती, की सगळे निघाले म्हणून आपणही निघणे. होपींच्या परंपरेत कुळांच्या स्थलांतरांच्या कथा आहेतच. त्यांना भाकडकथा म्हणणाऱ्यांची या एका फसलेल्या आलेखाने थोडी पंचाईत झाली. पुढे २००९ मध्ये मार्को यान्सेन यांनी तेच मॉडेल पुन्हा बांधून पाहिले आणि त्याच्या यशातलीही हवा थोडी काढली. आलेख इतका छान जुळला तो बराचसा जमीन किती माणसे पोसेल हे ठरवणाऱ्या दोन आकड्यांमुळे, असे त्यांनी दाखवले. माणसांच्या ठरवण्याबद्दल मॉडेल जेवढे सांगते असे वाटले होते, तेवढे ते सांगत नव्हते. ताळ्यावर ताळा तो हा असा. ‘दुष्काळाने सोडली’ एवढे वाक्य लिहून मोकळे झाले असते तर यान्सेन काय तपासणार होते?

सिंधू लिपीच्या वादात हेच हरवले आहे. २००९ मध्ये राजेश राव, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले निशा यादव व मयंक वाहिया, इरावतम महादेवन आणि इतरांनी ‘सायन्स’मध्ये एक मोजमाप दिले: एका चिन्हानंतर कोणते येईल यातली अनिश्चितता सिंधू लेखांत भाषांसारखी आहे, अगदी ताठर किंवा अगदी विस्कळीतही नाही. समर्थकांनी ‘भाषा सिद्ध झाली’ म्हणून गुलाल उधळला. ही चिन्हे भाषाच नव्हेत असे २००४ पासून सांगणाऱ्या फार्मर, स्प्रोट आणि विट्झेल यांच्या बाजूने उत्तर आले की भाषा नसलेल्या खुणाही अशा मोजमापात भाषेजवळ पडू शकतात. तेही बरोबर. या मोजमापाची झेप एवढीच: चिन्हे मनाला येतील तशी मांडलेली नाहीत. वाचन त्याच्या पल्ल्याबाहेर आहे. सरासरी लेख पाचेक चिन्हांचा. आणि मुळात चिन्हे किती? महादेवन यांच्या १९७७ च्या यादीत ४१७, अस्को परपोला यांच्या यादीत ३८६, ब्रायन वेल्स यांच्या यादीत ७०० च्या घरात. शेपटी वळलेला मासा आणि न वळलेला मासा एक की दोन, हे यंत्र सुरू व्हायच्या आधीच माणसाने ठरवलेले असते. ‘यंत्राने वाचली’ असा दावा करणाऱ्याला आधी एवढेच विचारा: यादी कुणाची घेतलीस?

तर मग अडले कुठे? आपल्याकडे यंत्रे आहेत आणि ती चालवणारी हुशार पोरेही गल्लोगल्ली आहेत. अडले आहे ते त्याआधीच्या पायरीवर. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतले कोट्यवधी कागद रुमालांत बांधून आहेत. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून ४५ खंड काढले, तेवढ्या वेळात तेवढे काम आज दहा संस्थांनाही झेपणार नाही. पण ती निवड होती, आणि निवड मुख्यतः राजकारणाची: लढाया, तह, घराण्यांची भांडणे. गावांचे जमाखर्च, अवर्षणात दिलेली सूट, ओस गाव पुन्हा वसवण्याचे कौल, बैलाबियाण्यासाठीची तगाई यांना तेव्हा कोण विचारणार? अठराव्या शतकातल्या दख्खनच्या पावसाबद्दल आणि माणसांनी त्याला कसे तोंड दिले याबद्दल सांगू शकणारे हेच कागद आहेत. झाडांच्या वर्तुळांवरून आशियातल्या मॉन्सूनच्या दुष्काळांचा जो नकाशासंग्रह २०१० मध्ये झाला त्यात १३०० पासूनची वर्षे आहेत, पण द्वीपकल्पीय भारतातल्या झाडांच्या नोंदी त्यात फार थोड्या. आपल्या पठाराचा आकडा तिथे बराचसा दूरच्या झाडांवरून काढलेला. म्हणजे जगाच्या हिशेबात आपला रकाना दुसऱ्याच्या अंदाजाने भरलेला आहे आणि खरी नोंद आपल्याच रुमालात गाठ मारून पडलेली.

मोडी वाचायला यंत्राला शिकवता येईल, त्या दिशेने कामही चालू आहे. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, लेखणी उचलत नाहीत, शब्द तोडत नाहीत. यंत्राला शिकवायला आधी हजारो पाने हाताने वाचून दिली पाहिजेत, आणि ती वाचणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. बक्षीस ठेवायचेच असेल तर ते याला ठेवावे. एक परगणा, शंभर वर्षे, प्रत्येक गावाचा वसूल आणि सूट, सगळे खुले. वाचता न आलेल्या शब्दाला ‘वाचता आला नाही’ अशी वेगळी खूण, कागदच नसेल तर त्याला वेगळी, आणि कागदावर खरोखर शून्य लिहिलेले असेल तर शून्य.

परवा पुन्हा एकाने मला महाभारत युद्धाचा नेमका दिवस पाठवला, वारासकट, सोबत आकाशाचे रंगीत चित्र. वाद घातला नाही. त्याला विचारले, ग्रंथात ग्रहांचे आणि ग्रहणांचे एकंदर उल्लेख किती धरलेस, त्यातले किती जुळले, आणि जुळले नाहीत ते कुठे लिहून ठेवलेस? अजून उत्तर आलेले नाही.